फोर्टातली फेरी आणि नानांचे आक्षेप

रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत मुंबईच्या फोर्टात गेलात, तर पंधरावीस जणांचा एखादा घोळका हायकोर्टासमोर माना वर करून उभा असलेला हमखास दिसतो. पुढे गाइड, मागे पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइल. हेरिटेज वॉक, म्हणजे वारसाफेरी. या घोळक्याकडे पाहून काहींना आपणही जावं असं वाटतं, तर काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. या लेखात दोन्ही बाजू समोरासमोर बसवल्या आहेत. जावं म्हणणारी बाजू माझी. दुसरी नानांची. नाना म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. गिरगावच्या चाळीत जन्म काढलेल्या, मुंबई पायाखाली घातलेल्या आणि या नव्या हौशीकडे संशयाने बघणाऱ्या अनेकांचे आक्षेप मी एका तोंडी घातले आहेत. ते मला सोयीचे व्हावेत म्हणून मऊ केलेले नाहीत.

नाना : अगं, ज्या इमारती मी जन्मभर फुकट बघतोय, त्या बघायला आता पैसे मोजायचे? हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, व्हीटी, म्युनिसिपालिटी. आणि गाइड दाखवणार काय, तर राणीचं राज्य किती थाटाचं होतं ते! इंग्रज इथून गेला, त्याची ऐट मात्र आपण जपून ठेवली आणि वर तिच्याकडे मान मोडेपर्यंत बघत उभे राहिलो. याला तुम्ही वारसा म्हणता. माझ्या मते ही हौसेने केलेली गुलामी आहे. किल्ले बघायला जा, लेणी बघा, मी येतो बरोबर. पण फोर्टात बघण्यासारखं आपलं काय आहे?

मी : नाना, इमारत बांधून घेतली कुणी, पैसा दिला कुणी आणि छिन्नी धरली कुणी, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही तिन्हींचं एकच उत्तर देताय. राजाबाई टॉवर घ्या. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलाच नाही, कागद तेवढे आले. पैसा प्रेमचंद रायचंद या सुरतेकडच्या जैन दलालाचा : दोन लाख ग्रंथालयासाठी, दोन लाख मनोऱ्यासाठी, आणि मनोऱ्याला नाव आपल्या आईचं. शेजारचं दीक्षान्त सभागृह कावसजी जहांगीर या पारशी शेटजींच्या देणगीतून. दगड कुर्ल्याचा. आता प्रेमचंदांकडे एवढा पैसा आला कुठून? १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इकडे गुजरात, खानदेश, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, समुद्र हटवून जमीन काढायच्या योजना आणि त्यांच्या शेअरांवर सट्टा. याच दिवसांत गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याचा तट पाडायला घेतला. अपोलो गेट, चर्च गेट, बझार गेट, तिन्ही दरवाजे गेले आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात या इमारतींची रांग उभी राहिली. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर कोसळले, खुद्द प्रेमचंद बुडाले. देणगी मात्र आधीच देऊन झाली होती. मनोऱ्याचं काम १८६९ साली सुरू झालं ते तेजी संपून चार वर्षं झाल्यावर. तेव्हा ही इमारत नुसती राणीची ऐट नाही. त्या सट्ट्यातून जे थोडं हाती उरलं, त्यातलं हे सगळ्यात उंच.

नाना : वा! म्हणजे शेटजींचा पैसा होता म्हणून इमारत आपली झाली? सट्टेबाजांनी इंग्रजांच्या नजरेत भरावं म्हणून देणग्या दिल्या, त्यांना किताब मिळाले. त्यात माझ्या आजोबा-पणजोबांचा काय संबंध? ते कोकणातून बोटीने आले नि गिरणीत राबले. तुझी गोष्ट ऐकून तर मला वाटतं, आधी एकाचं कौतुक करायचो, आता दोघांचं करायला लागलो.

मी : कौतुकाचा मुद्दा मी काढलेलाच नाही. माझं म्हणणं एवढंच, की इमारत हा पुरावा आहे आणि फेरी ही त्या पुराव्याची उलटतपासणी व्हायला हवी. ती नीट केली तर कौतुक आपसूक मर्यादेत राहतं. आता याच मनोऱ्याची पुढची तारीख बघा. राजाबाई टॉवर पुरा झाला नोव्हेंबर १८७८ मध्ये. शेजारचं हायकोर्ट, कर्नल फुलरने बांधलेलं, तेही त्याच नोव्हेंबरात पुरं झालं. हायकोर्टाचा खर्च १६,४४,५२८ रुपये, अंदाजापेक्षा २,६६८ रुपयांनी कमी. गाइड हा आकडा सांगतात आणि लोक आजच्या कंत्राटदारांच्या नावाने हसतात. ठीक आहे, हसावं. पण १८७६ ते १८७८ ही दख्खनच्या भीषण दुष्काळाची वर्षं. त्याच्या अगोदर मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. कापसाच्या तेजीत कर्ज सढळ मिळालं, तेजी ओसरल्यावर सावकाराने हात आखडला, सरकारने सारा वाढवून ठेवला होता, आणि सगळं ओझं कुणब्याच्या मानेवर आलं. म्हणजे सुप्यात कर्जरोखे जळत होते तेव्हा इथे परांच्या बांधून कोरीवकाम चाललं होतं, आणि घाटावर माणसं अन्नावाचून मरत होती तेव्हा मनोऱ्याचे शेवटचे मजले चढत होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की इमारत कुरूप होत नाही, पण तिच्याकडे बघणारा माणूस नुसता 'वा वा' म्हणून पुढे जात नाही. तुम्ही म्हणता ती गुलामी अज्ञानातून येते. दुष्काळाची तारीख माहीत असलेला माणूस त्या मनोऱ्यापुढे गुलाम होऊन उभा राहील, असं मला वाटत नाही.

आणि हाताचं काय? तुमच्या पणजोबांचा संबंध विचारलात म्हणून सांगते. कामाठीपुऱ्याला ते नाव मिळालं ते तेलंगणाकडून बांधकामावर आलेल्या कामाठ्यांमुळे. व्हीटीचा वास्तुकार म्हणून एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं नाव सगळे घेतात. त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य साहाय्यक अभियंता होते, ते किती जणांना ठाऊक आहे? कोरीवकामात जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या मुलांचा हात होता. राजाबाई टॉवरच्या कोनाड्यांत जे पुतळे आहेत त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने घडवले. हे पुतळे आहेत पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे. प्रत्येकाची पगडी वेगळी, पेहराव वेगळा. इथे जरा थांबायला हवं. खालून नुसत्या डोळ्यांनी ते धड दिसत नाहीत, कुणीतरी बोट करून दाखवावे लागतात, आणि एकदा दिसले की प्रश्न पडतो : विद्यापीठाच्या मनोऱ्यावर विद्येची देवता नाही, कवी नाही, गणिती नाही, जातींचे नमुने का? कारण त्या काळच्या सरकारला हा देश तसाच दिसत होता. जमाती मोजायच्या, त्यांचे फोटो काढायचे, वर्णनं छापायची, हा उद्योग तेव्हा जोरात होता. घडवणारा हात आपला, डोळा साहेबाचा. आता तिथून दहापंधरा मिनिटं चालत महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया अॅशुरन्सच्या इमारतीसमोर या. साल १९३६. वास्तुकार मास्टर, साठे आणि भुता. दर्शनी भिंतीवर ना. ग. पानसऱ्यांनी घडवलेल्या उंचच उंच आकृती. तीही माणसं इथलीच, पण ती जातीच्या पाटीखाली उभी नाहीत. ती कष्टकरी बायामाणसं आहेत, कामाच्या वस्तूंसह, आणि त्यांना इमारतीचा भार पेलणाऱ्या खांबांसारखी जागा दिली आहे. साठ वर्षांत या शहराने स्वतःला बघण्याची नजर कशी बदलली, हे मला याहून थोडक्यात सांगणारं पुस्तक माहीत नाही. दोन्ही कामं आपल्याच लोकांची. फरक पडला तो विमा कंपनीचे मालक हिंदी होते आणि मध्ये स्वदेशीची चळवळ होऊन गेली होती म्हणून. आता सांगा, यात आपलं काही नाही?

नाना : हे तू सांगतेस. तुझा गाइड सांगतो का? मी ऐकलंय दोनचारदा, जाता जाता. हायकोर्टावर एक माकड कोरलंय, एका डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू. गाइड सांगतो, एका पारशी कंत्राटदाराने खटला हरल्याचा सूड म्हणून ते कोरून घेतलं. राजाबाई टॉवरखाली सांगतो, प्रेमचंदांची आई आंधळी होती, जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवायला हवं, तिला वेळ कळावी म्हणून पोराने घड्याळाचा मनोरा बांधला. वॉटसन हॉटेलापाशी सांगतो, जमशेटजी टाटांना इथे आत घेतलं नाही म्हणून त्यांनी ताज उभारलं. थापा नुसत्या! उलटतपासणी कसली, हे तर कीर्तनकाराच्याही वरचं झालं. निदान कीर्तनकार देवाचं नाव घेतो.

मी : हा आक्षेप मला तुमच्या पहिल्या आक्षेपापेक्षा जड वाटतो, आणि त्याचं पूर्ण खंडन मी करणार नाही. फेरीवर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत दंतकथा भरपूर असतात, आणि पुष्कळ गाइड त्या दंतकथा म्हणून सांगत नाहीत. माकडाची गोष्ट तर फारच सोयीची आहे. गॉथिक पद्धतीच्या बांधकामात खांबांच्या माथ्यावर पानाफुलांत प्राणी, पक्षी, विचित्र चेहरे कोरायची आणि त्यांतून थोडी थट्टा करायची रीत युरोपातल्या चर्चपासून चालत आलेली आहे. फोर्टातल्या त्या काळच्या इतर इमारतींवरही माकडं, घुबडं, सरडे आहेत. प्रत्येकामागे हरलेला खटला शोधायचा म्हटलं तर पारशी कंत्राटदार पुरायचे नाहीत. राजाबाईंची गोष्ट घेतली तर देणगी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दिलेली होती, आणि आईला वेळ कळावी म्हणून दिलेली देणगी चौदा वर्षांनी फळाला यावी हे जरा उशिराचंच. ताजचं म्हणाल तर ते १९०३ साली उघडलं. १८९६ पासून प्लेगने मुंबईची पार रया गेली होती, आणि शहराला पहिल्या प्रतीचं हॉटेल हवं असं टाटांना वाटायला तेवढं कारण पुरेसं होतं, दारावरच्या अपमानाची गरज नव्हती.

पण या तिन्ही कथा शेजारी ठेवून बघा. पारशी कंत्राटदार गोऱ्यांच्या न्यायालयाची खोड मोडतो. टाटा गोऱ्यांच्या हॉटेलाची जिरवतो. आणि प्रेमचंदांच्या मनोऱ्यातून सट्टा गायब होऊन आईची भक्ती उरते. पहिल्या दोन कथांत आपल्या माणसाने साहेबावर मात केली, तिसरीत आपल्या माणसाचा पैसा पवित्र झाला. इतिहास म्हणून त्या कच्च्या आहेत, पण लोकांना या इमारतींकडून काय हवं होतं ते त्या नेमकं सांगतात. त्यामुळे गाइडने त्या गाळाव्यात असं मी म्हणणार नाही. त्याने त्या सांगाव्यात आणि लगेच त्या का सांगितल्या जातात तेही सांगावं. चांगला गाइड कोणता हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे : घोळक्यातल्या कुणी 'कशावरून?' विचारलं की त्याचा चेहरा पडतो की खुलतो? पुस्तकाला हा प्रश्न विचारता येत नाही, चालत्या बोलत्या माणसाला येतो. तुम्ही रस्त्याच्या कडेने ऐकलंत आणि निघून गेलात. घोळक्यात उभे असता तर विचारलं असतंत.

नाना : मी विचारलं असतं, लोकमान्य कुठे आहेत ते. नक्षी, कमानी, रंगीत काचा सगळं होतं, टिळकांचं नाव दोन सेकंदात उरकतात. आणि पुस्तकाचं म्हणशील तर पुस्तकच बरं. गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली लिहून ठेवलंय, मराठीत. घरी आरामखुर्चीत वाचावं. तुझ्या फेऱ्या बहुतेक इंग्रजीत चालतात, हेही बोल.

मी : भाषेचं तुमचं म्हणणं मान्य, त्यावर माझ्याकडे बचाव नाही. ज्या शहराचं वर्णन मराठीत इतक्या लवकर झालं, १८८९ साली आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत'ही निघाला, त्या शहरात मराठी फेरी ही खास कार्यक्रमपत्रिकेवरची गोष्ट असावी हे लाजिरवाणं आहे. पण माडगांवकर माझ्या बाजूचे आहेत, नाना. तट पडायच्या बेतात असताना त्यांनी शहर टिपून ठेवलं. त्यांनी आरामखुर्ची धरली असती तर तुम्हाला वाचायला काही मिळालं नसतं.

लोकमान्यांचं बोलू. हायकोर्टातलं ४६ नंबरचं कोर्ट. १९०८ साली न्यायमूर्ती दावरांसमोर राजद्रोहाचा खटला चालला, २२ जुलैला सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. त्याच न्यायालयात १९५६ साली टिळकांच्या उद्गारांची संगमरवरी पाटी लावली गेली, अनावरण केलं खुद्द मुख्य न्यायमूर्ती छागलांनी. ज्या वास्तूने शिक्षा दिली तिनेच भिंतीवर आरोपीचं म्हणणं कोरून घेतलं. मला तर हायकोर्टाच्या सगळ्या कमानींपेक्षा ही पाटी मोठी वाटते. आणि ती रस्त्यावरून दिसत नाही, आत जावं लागतं. एरवी आपण कोर्टाच्या आत जातो ते अडचणीत असताना, तेव्हा भिंती वाचायची कुणाला शुद्ध असते? पर्यटन विभागाच्या फेऱ्यांमुळे गेल्या काही वर्षांत न्यायालयाची आणि महापालिकेच्या मुख्यालयाची दारं साध्या माणसाला नुसतं बघायला म्हणून उघडली, हे मी या चळवळीचं सगळ्यात ठोस काम मानते. तीच गोष्ट फ्लोरा फाउंटनची. १८६४ चं कारंजं. मुळात ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचं होतं, ते आलं जुन्या चर्च गेटच्या जागी. त्याच्या शेजारी मशाल घेतलेले शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. कारंज्यावर दहा मिनिटं बोलून हुतात्मा स्मारकाला पाठ दाखवणारा गाइड असेल तर त्याच्या फेरीला जाऊ नये, इतकं सरळ मी म्हणेन. पण असा गाइड आहे म्हणून फेरीच नको म्हणणं म्हणजे मास्तर वाईट म्हणून शाळा बंद करण्यासारखं झालं.

राहिलं पुस्तक आणि पाय यांचं. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला विद्यापीठ आणि हायकोर्ट, पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर पुढे आलेल्या सिमेंटच्या पट्ट्या. पूर्वेकडच्या इमारतींचा तोरा पश्चिमेकडे का, असा प्रश्न तिथे उभं राहिल्यावरच पडतो. त्या समुद्राकडे तोंड करून बांधल्या होत्या. समुद्र त्या वेळी जवळ होता. पुढे बॅक बे भरून जमीन काढली, त्या कामातल्या उधळपट्टीवर वीर नरिमनांनी सरकारला धारेवर धरलं, आणि अखेर त्या जमिनीवर काँक्रीटच्या, लिफ्टवाल्या फ्लॅटांच्या नव्या मुंबईने या जुन्या इमारतींचा समुद्र अडवला. व्हीटी बांधणाऱ्या स्टीव्हन्सच्या मुलाने, चार्ल्स स्टीव्हन्सने, १९३३ साली रीगल सिनेमा बांधला. बापाने मनोरे, मुलाने निऑनचे दिवे. हे वाचून कळतं, पण त्या दोन काळांमधलं अंतर मैदानात उभं राहून अंगावर येतं. त्यातून पुढे घडलं तेही पाहा. मुंबईत वारसा इमारतींचे नियम १९९५ साली आले, देशात पहिल्यांदा. २०१८ साली ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या परिसरातल्या ९४ इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यामागे रहिवाशांच्या संघटनांचा वर्षानुवर्षांचा रेटा होता. आपल्या बाल्कनीची गोलाई ही काही तरी चीज आहे हे आधी कुणीतरी त्यांना दाखवलं असणार. बघता येत नाही ते वाचवायला कुणी कोर्टात जात नाही.

नाना : ओव्हलसमोर फ्लॅट असलेल्यांना बाल्कनीची गोलाई परवडते, बाई. माझ्या चाळीत ये. दहा बाय बाराची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला, पावसाळ्यात छताखाली बादल्या. उद्या तुझा घोळका येऊन म्हणाला, काय सुंदर लाकडी कठडे आहेत, हे पाडायचे नाहीत, की माझा पुनर्विकास अडकला. बीडीडी चाळीतल्या लोकांना १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट मिळतात, ते मी तुझ्या वारशासाठी सोडू? फेरीवाले दीड तासाने घरी जातात. त्यात राहतो तो मी.

मी : नाही, सोडू नका. या ठिकाणी वारसावाले बहुतेक वेळा चुकतात, आणि मी त्यांच्या बाजूने बोलणार नाही. शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींची ही गत का झाली, तर भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरू टिकला, ते योग्यच झालं, पण मालकाने डागडुजी सोडली. मग सरकारने उपकर लावून १९६९ साली दुरुस्ती मंडळ काढलं, तेव्हा त्याच्या गळ्यात एकोणीस हजारांवर इमारती पडल्या. एवढ्या जुन्या इमारती सांभाळायला कुठलंही मंडळ अपुरंच. अशा घरात राहणाऱ्याला कठड्याचं सौंदर्य सांगणं हा उद्धटपणा आहे. काय ठेवायचं हा एक प्रश्न आणि त्याची किंमत कुणी मोजायची हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिला प्रश्न रहिवाशाला विचारायचा अधिकार फेरीवाल्याला नाही. सरकारी इमारती, विद्यापीठ, स्टेशन यांचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून किंवा देणग्यांतून निघतो. खाजगी वारसा इमारतीच्या मालकाला बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकू देण्याची सोय नियमात ठेवली होती ती यासाठीच. चाळीला हे दोन्ही लागू पडत नाही, तेव्हा बहुतेक चाळी जाणार आणि जाव्यात.

फक्त एक मागणी आहे. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, म्हणून तिचं नाव निदान पुस्तकात राहिलं. बाकीच्यांचं काय? बिल्डर कार्पेट एरिया मोजतो. गॅलरीत किती कुटुंबं कशी वावरायची, नळावरची पाळी कशी ठरायची, खानावळ कुठल्या खोलीत चालायची, संपाच्या काळात निरोप कसा फिरायचा, याची मोजणी करारनाम्यात नसते. फेरी इमारत पडायच्या आधी तिथे यावी, राहणाऱ्यांनी बोलावलं तर यावी, आणि मराठीत यावी. ठेवण्याचा आग्रह धरायला तिने येऊ नये. नकाशे काढायला, फोटो घ्यायला, नावं लिहून ठेवायला यावं. फोर्टातल्या इमारतींवर कामाठ्यांची आणि पाथरवटांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून आज आपण स्कॉट आणि स्टीव्हन्सचीच नावं घेतो. ती चूक चाळींच्या बाबतीत दुसऱ्यांदा करायची गरज नाही.

नाना : बोलावण्याचं बघू. पण मग वॉटसन हॉटेलाचं काय करशील? तिथे तर मी म्हणतो तेच झालं. लोकांना बाहेर काढलं आणि इमारतीचं नक्की काय करायचं यावर नुसता वाद.

मी : वॉटसन म्हणजे आताची एस्प्लनेड मॅन्शन. १८६० च्या दशकातली, बिडाच्या लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेला, देशात टिकून राहिलेली अशी सगळ्यात जुनी इमारत. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं इथे दाखवली. पुढे हॉटेल बंद झालं, मोठ्या खोल्यांच्या छोट्या खोल्या केल्या गेल्या, कोर्ट समोर असल्याने वकिलांची चेंबर्स थाटली, आणि लोखंड गंजत राहिलं. २०१९ साली ती रिकामी केली. आयआयटीच्या अहवालाचा कल पाडण्याकडे, संवर्धन करणाऱ्यांचं म्हणणं ती वाचवता येते. माझ्या मते फेरीतला सगळ्यात मोठा मुक्काम इथे असायला हवा. टाटांच्या अपमानाची गोष्ट दोन वाक्यांत उरकावी आणि लोकांपुढे दोन्ही अहवाल ठेवावेत : खांब कितपत गंजलेत, दुरुस्तीला पैसा कुणाचा, बाहेर काढलेल्या भाडेकरूंना परत जागा मिळणार का. मत मागावं. पाडा म्हणणारा घोळक्यात निघाला तर त्याचंही ऐकून घ्यावं.

नाना : मग तुझी फेरी तासभर लांबेल.

मी : लांबू दे. काळ्या घोड्यापाशी वेळ वाचवू. राजा एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत हलवला, २०१७ साली त्या भागात बिनस्वाराचा नवा घोडा बसवला. तिथे याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि सेल्फी तर लोक न थांबताही काढतात.